कप्तानाची रुखसत : एका शहराने शिकलेला निरोप

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात येण्याची वर्णने भरपूर असतात. राजा गादीवर आला, फौज शहरात शिरली, नवा पक्ष सत्तेवर आला. जाण्याची वर्णने मात्र एका ओळीत संपतात. वर्गात इतिहास शिकवताना ही गोष्ट आम्हाला नेहमी जाणवते. माणूस कसा आला हे मुलांना पाठ असते. तो कसा गेला, त्याला निरोप द्यायला कोण आले होते, निरोप द्यायला कोणी होते की नाही, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही.

खरे तर आपल्या भाषांत निरोपाला मोठा मान आहे. मराठी माणूस निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. उर्दूत रुखसत आणि विदाई हे शब्द आहेत, आणि 'खुदा हाफिज' म्हणताना जाणाऱ्याला आपण अल्लाहच्या हवाली करतो. रमजानच्या अखेरच्या जुम्म्याला आपण अलविदा जुम्मा म्हणतो, म्हणजे एका महिन्यालासुद्धा आपण जमातीने जमून निरोप देतो. ज्याला नीट निरोप दिला जात नाही त्याचे जाणे अर्धवट राहते, आणि मागे राहिलेल्यांचेही काहीतरी अर्धवट राहते, ही समजूत आपल्या रक्तातच आहे.

या लेखात आम्ही अशाच निरोपांचा एक इतिहास सांगणार आहोत. तो इटलीतल्या रोम शहराचा आहे आणि विषय फुटबॉलचा आहे. साहित्याच्या वार्षिकात फुटबॉल कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण आपल्या घरातल्या मुलांना विचारा. मोहम्मद सलाह हे नाव त्यांना आपल्यापेक्षा अधिक ठाऊक आहे, आणि हा सलाहही या कथेत एका क्षणापुरता येणार आहे. शिवाय फुटबॉलचा क्लब म्हणजे केवळ अकरा खेळाडू नव्हेत, हे हिंदुस्थानी मुसलमानांना नव्याने सांगण्याची गरज नाही. कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंग क्लबने १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे तिथली लीग जिंकली. ही लीग जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब. १९४० साली त्याने मुंबईचा रोव्हर्स कपही जिंकला. त्या काळात ज्यांनी आयुष्यात कधी चेंडूला पाय लावला नव्हता, त्यांनाही तो विजय आपला वाटला होता. क्लब हा माणसाच्या ओळखीचा भाग कसा होतो, हे आपल्या बुजुर्गांनी अनुभवलेले आहे.

रोमचा एएस रोमा हा क्लब १९२७ साली शहरातले तीन क्लब एकत्र करून स्थापन झाला. शहरात लाझिओ नावाचा दुसरा जुना क्लब होता, तो १९०० सालचा. रोमाचे सुरुवातीचे मैदान तेस्ताच्चो या वस्तीत होते. कत्तलखान्याच्या आसपास वसलेली ही कष्टकऱ्यांची वस्ती. इटलीतली कारखानदारी आणि पैसा उत्तरेकडे, तुरीन आणि मिलान या शहरांत एकवटलेला, आणि चषकही बहुतेक तिकडेच जायचे. रोमाने इटलीचे अजिंक्यपद आजवर फक्त तीन वेळा मिळवले आहे : १९४२, १९८३ आणि २००१. एवढ्या थोड्या विजयांवर शंभर वर्षांचे प्रेम कसे टिकते? याचे एक उत्तर असे की या क्लबने आपले कप्तान रोमच्याच गल्ल्यांतून घेतले. स्टेडियमच्या दक्षिण टोकाची गॅलरी, तिला तिथे 'कुर्वा सूद' म्हणतात, ही चाहत्यांची जागा. तिथे बसणाऱ्याला मैदानावरचा कप्तान आपल्याच मोहल्ल्यातला वाटायचा, आणि बहुधा तो असायचाही. म्हणूनच त्याचे जाणे हा घरचा मामला व्हायचा.

पहिला निरोप : एक कापडी फलक

अगोस्तीनो दि बार्तोलोमेई हा १९५५ साली रोममध्ये जन्मला आणि क्लबच्या बालसंघातून वर आला. शांत, अबोल, फारसा न हसणारा माणूस. १९८३ साली एकेचाळीस वर्षांनंतर रोमाने अजिंक्यपद मिळवले तेव्हा तो कप्तान होता. पुढच्याच वर्षी, ३० मे १९८४ रोजी, युरोपियन कपची अंतिम लढत रोमच्याच ओलिम्पिको स्टेडियममध्ये होती. समोर इंग्लंडचा लिव्हरपूल. सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि निकाल पेनल्टीवर गेला. रोमातर्फे पहिली पेनल्टी दि बार्तोलोमेईने घेतली आणि गोल केला. पण त्याचे दोन साथीदार चुकले आणि आपल्याच अंगणात, आपल्याच लोकांसमोर रोमा हरला.

त्या उन्हाळ्यात प्रशिक्षक नील्स लीडहोम मिलानला गेले. रोमात नवे प्रशिक्षक, नव्या कल्पना आल्या. त्यांत या संथ चालीच्या कप्तानाला जागा नव्हती. तोही मिलानला गेला. त्या काळी निरोप समारंभाची रीत नव्हती. २६ जून १९८४ रोजी इटालियन कपचा अंतिम सामना होता. तो रोमाने जिंकला, आणि कप्तानाचा तो अखेरचा सामना ठरला. क्लबने काही केले नाही, पण दक्षिण गॅलरीत एक कापडी फलक झळकला. त्याचा आशय असा होता की त्यांनी तुझ्याकडून रोमा हिरावून घेतला, पण तुझी ही गॅलरी तुझ्याकडून कोणी हिरावून घेऊ शकत नाही.

या एका फलकात पुढच्या सगळ्या इतिहासाचे बी आहे असे आम्हाला वाटते. 'त्यांनी' आणि 'तुझी' या दोन शब्दांनी चाहत्यांनी क्लबचे दोन भाग केले. एक भाग कार्यालयातला, करार करणारा आणि करार संपवणारा. दुसरा भाग गॅलरीतला. कार्यालय माणसाला काढू शकते, गॅलरीतून त्याला कोणी काढू शकत नाही, असा हा दावा होता.

पण दावा करणे निराळे आणि तो निभावणे निराळे. थोड्याच महिन्यांत मिलानकडून खेळताना दि बार्तोलोमेईने रोमाविरुद्ध गोल केला आणि तो मनातली सारी सल बाहेर काढावी तसा आनंदाने धावला. रोममध्ये अनेकांना ते झोंबले. पुढे तो लहान क्लबांतून खेळला, सालेर्नोजवळच्या समुद्रकाठच्या गावी स्थायिक झाला. फुटबॉलच्या जगात पुन्हा काम मिळावे अशी त्याची इच्छा होती. ते दार उघडले नाही. ३० मे १९९४ रोजी, त्या हरलेल्या अंतिम सामन्याला बरोबर दहा वर्षे झाली त्या दिवशी, त्याने आपले जीवन संपवले. वय अवघे एकोणचाळीस.

अशा मृत्यूला कोणतेही एक कारण नसते आणि आम्ही तसे जोडूही इच्छित नाही. पण रोम शहराने ती तारीख विसरली नाही. आपण या माणसाला जायला दिले आणि नंतर त्याच्याकडे वळून पाहिले नाही, ही टोचणी शहराच्या मनात राहिली. २०१२ साली क्लबने आपल्या सराव केंद्रातल्या मुख्य मैदानाला त्याचे नाव दिले. अठरा वर्षांनी दिलेला हा सन्मान होता.

दुसरा निरोप : उधळलेला समारंभ

त्यानंतरचा रोमचा लाडका कप्तान जुझेप्पे ज्यान्नीनी. त्याला लोक 'राजपुत्र' म्हणत. तोही रोमचाच, तोही बालसंघातून आलेला. १९८१ ते १९९६ अशी पंधरा वर्षे त्याने रोमासाठी खेळण्यात घालवली आणि मग ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या क्लबात तो गेला. निरोप राहूनच गेला होता. तो द्यायचे चार वर्षांनी ठरले. १७ मे २००० रोजी ओलिम्पिको स्टेडियममध्ये त्याच्या सन्मानार्थ सामना ठेवला गेला. जुने साथीदार आले.

पण नशीब पाहा. तीनच दिवस आधी, १४ मे रोजी, शहरातल्या प्रतिस्पर्धी लाझिओने इटलीचे अजिंक्यपद मिळवले होते. रोमाच्या चाहत्यांचा संताप खदखदत होता. सामना चालू असतानाच लोक मैदानात घुसले, मोडतोड झाली आणि सामना थांबवावा लागला. ज्याच्यासाठी सारे जमले होते तो ज्यान्नीनी मैदानात उभा राहून रडत होता. ते अश्रू निरोपाचे नव्हते.

चाहत्यांच्या प्रेमाचा इतिहास लिहिताना हे पान वगळता येत नाही. प्रेमाच्या नावाखाली आपलाच राग काढणारी गर्दी ज्याच्यावर प्रेम करते त्यालाच दुखवते. आपल्या जलशांत, मिरवणुकांत, सभांतही हे आपण पाहिलेले आहे. पाहुणा बाजूला राहतो आणि जमलेले लोक आपापला हिशेब चुकता करू लागतात. १९८४ साली क्लब चुकला होता, २००० साली गॅलरी चुकली.

तिसरा निरोप : २८ मे २०१७

फ्रान्चेस्को तोत्ती हा २७ सप्टेंबर १९७६ रोजी रोमच्या पोर्ता मेत्रोनिया वस्तीत जन्मला. लहानपणी त्याला मिलानच्या क्लबकडून बोलावणे आले होते, पण आईने मुलाला रोमबाहेर पाठवायला नकार दिला. २८ मार्च १९९३ रोजी, सोळाव्या वर्षी, तो रोमातर्फे पहिला सामना खेळला. लहानपणचा त्याचा आदर्श तोच राजपुत्र ज्यान्नीनी. १९९८ साली ब्राझीलचा अल्दाईर कप्तान होता. त्याने दंडावरची पट्टी काढून बावीस वर्षांच्या तोत्तीला दिली. आपल्याकडे उस्ताद शागीर्दाला गादीवर बसवतो तसेच हे झाले. १७ जून २००१ रोजी पार्माला ३-१ असे हरवून रोमा अजिंक्य ठरला, आणि पहिला गोल तोत्तीचा होता. २००६ साली पायाचे हाड मोडल्यानंतर काही महिन्यांतच तो विश्वचषक खेळला आणि इटलीने तो जिंकला. स्पेनच्या रेआल माद्रिदने त्याला बोलावले होते. तो गेला नाही. पंचवीस हंगाम, ७८६ सामने, ३०७ गोल, आणि सारे एकाच क्लबासाठी. उर्दूत वफा म्हणतात ती हीच.

पण काळ कोणाचा मुलाहिजा ठेवत नाही. २०११ साली क्लब अमेरिकी गुंतवणूकदारांनी विकत घेतला. २०१५ साली सुरक्षेच्या कारणावरून दक्षिण गॅलरीच्या मध्यभागी अडथळे उभारले गेले, आणि निषेध म्हणून कट्टर चाहत्यांनी दीर्घकाळ स्टेडियमवर बहिष्कार टाकला. मालक परदेशी, गॅलरी दुभंगलेली. अशा वेळी लोकांच्या हातात आपले म्हणावे असे काय उरले होते? दहा क्रमांकाचा एक सदरा आणि तो घालणारा माणूस. तोत्तीच्या निरोपाला जो हुंदका फुटला तो एका खेळाडूपुरता नव्हता, हे इथे समजून घ्यायला हवे.

प्रशिक्षक लुचानो स्पालेत्ती आणि तोत्ती यांचे पटत नव्हते. फेब्रुवारी २०१६ मध्ये तोत्तीने दूरचित्रवाणीवर मुलाखत देऊन आपल्याला आदराने वागवावे असे म्हटले. दुसऱ्याच दिवशी त्याला संघाच्या शिबिरातून घरी पाठवण्यात आले. दोन महिन्यांनी तोरिनोविरुद्धच्या सामन्यात अखेरची चार मिनिटे उरली असताना तो मैदानात आला आणि त्याने दोन गोल करून हरत आलेला सामना जिंकून दिला. एकोणचाळीस वर्षांच्या पायात अजून जादू होती. पण न्यायाने बोलायचे तर प्रशिक्षकाचीही बाजू होती. चाळिशीचा पाय पंचविशीचा राहत नाही, आणि संघ भूतकाळावर चालवता येत नाही. निर्णय चूक नव्हता, तो कळवण्याची रीत कोरडी होती. मे २०१७ मध्ये नव्या क्रीडा संचालकाने पत्रकार परिषदेत सांगून टाकले की तोत्तीचा हा अखेरचा हंगाम. कप्तानाने स्वतः काही म्हणण्याआधीच ते जगाला कळले होते.

२८ मे रोजी शेवटचा सामना जेनोआशी. रोमाला दुसरे स्थान टिकवण्यासाठी विजय हवा होता, म्हणजे हा नुसता समारंभ नव्हता. तोत्ती बाकावर होता. चौपन्नाव्या मिनिटाला तो मैदानात आला, आणि त्याच्यासाठी बाहेर आला तो मिसरचा मोहम्मद सलाह. सलाहसुद्धा त्या दिवशी रोमासाठी अखेरचा सामना खेळत होता. पुढच्याच महिन्यात तो लिव्हरपूलला गेला आणि जगप्रसिद्ध झाला. एक माणूस पंचवीस वर्षांनी जात होता, दुसरा दोन वर्षांनी. दोघांनीही क्लबला प्रामाणिकपणे दिले. पण शहर रडले ते पहिल्यासाठी, कारण दुसऱ्याचे घर वेगळे होते आणि त्याला पुढे जायचेच होते. यात सलाहचा कमीपणा नाही. नाती निरनिराळी असतात एवढेच.

नव्वदाव्या मिनिटाला रोमाने तिसरा गोल केला आणि सामना ३-२ असा जिंकला. मग खरा निरोप सुरू झाला. कोणी जागचे हलले नाही. पडद्यावर स्पालेत्ती दिसला की शिट्या आणि निषेधाचे आवाज उठत, पण या वेळी कोणी मैदानात घुसले नाही. सतरा वर्षांपूर्वीचा धडा गॅलरीला आठवत असावा. तोत्ती पत्नी आणि तीन मुलांसह मैदानाला फेरी मारत होता, मध्येच थांबत होता, तोंड लपवत होता. गॅलरीतली थोराड माणसे लहान मुलांसारखी रडत होती. एका फलकावर रोमच्या बोलीत लिहिले होते की आपल्याला याआधीच मरण येईल अशी आशा होती. हे शब्द इतके लोकांच्या तोंडी बसले की २०२१ साली तोत्तीवर आलेल्या दूरचित्रवाणी मालिकेला तेच नाव देण्यात आले. प्रतिस्पर्धी लाझिओच्या कट्टर चाहत्यांनीही फलक लावला होता : आयुष्यभराचे शत्रू तोत्तीला सलाम करतात. दुश्मनीलासुद्धा अदब असते, ही गोष्ट आपल्या परंपरेत अपरिचित नाही.

शेवटी तोत्तीने पत्र वाचले. त्यात त्याने काळाशी बोलणे मांडले होते. २००१ साली अजिंक्यपदाच्या दिवशी शिट्टी वाजेपर्यंत काळ लवकर सरावा असे सर्वांना वाटत होते, आणि आज त्याच काळाने खांद्यावर हात ठेवून आता मोठे व्हायला सांगितले आहे, असा त्याचा भाव होता. दिवा मालवणे सोपे नाही आणि आता मला भीती वाटते, हे त्याने हजारोंच्या समोर कबूल केले. मग कप्तानाची पट्टी त्याने क्लबच्या बालसंघातल्या एका लहानग्या कप्तानाच्या हाती दिली. सही केलेला एक चेंडू त्याने लाथेने दक्षिण गॅलरीत पाठवला. त्यावर लिहिले होते, तुझी आठवण येईल.

भीती वाटते हे म्हणण्याची मुभा दि बार्तोलोमेईला कोणी दिली नव्हती. त्याच्या वेळी कप्तानाने गप्प राहायचे असे. तेहतीस वर्षांनी त्याच स्टेडियममध्ये एक कप्तान आपली भीती उघड बोलला आणि सारे शहर ते ऐकून घ्यायला थांबले. आमच्या मते या इतिहासातला सर्वात मोठा बदल हाच.

चौथा निरोप : पाऊस

तोत्तीनंतर पट्टी आली दानिएले दे रोस्सीकडे. समुद्रकाठच्या ओस्तियाचा हा मुलगा. त्याला कित्येक वर्षे 'भावी कप्तान' म्हणत, कारण पुढे तोत्ती होता. दोनच हंगाम तो कायमचा कप्तान राहिला. १४ मे २०१९ रोजी क्लबने जाहीर केले की त्याचा करार वाढवला जाणार नाही. दे रोस्सीने शेजारी बसलेल्या अधिकाऱ्यासमोरच सांगितले की मी संचालक असतो तर माझा करार वाढवला असता. लोक क्लबच्या कार्यालयासमोर जमले. २६ मे रोजी पार्माशी सामना झाला, पाऊस पडत होता, रोमा २-१ असा जिंकला. भिजत उभ्या असलेल्या लोकांनी अठरा हंगामांच्या कप्तानाला निरोप दिला. प्रशिक्षक क्लाउदियो रानिएरी तेस्ताच्चोचे, मूळचे रोमाचे चाहते. त्यांचेही डोळे भरले होते.

त्यानंतर महिनाही झाला नव्हता. १७ जून २०१९ रोजी तोत्तीने क्लबमधले संचालकपद सोडले. तारीख तीच, २००१ च्या अजिंक्यपदाची. पद होते पण निर्णयात आपल्याला विचारले जात नाही, अशी त्याची तक्रार होती. शाल आणि खुर्ची दिली म्हणजे माणसाचा मान राखला असे होत नाही. आपल्या संस्थांतही निवृत्त बुजुर्गांना मार्गदर्शक म्हणून फलकावर नाव मिळते आणि सभेचा निरोप मात्र मिळत नाही. हे वाचताना प्रत्येकाला आपल्या गावातली दोन नावे आठवतील.

दे रोस्सीची गोष्ट मात्र वेगळ्या वळणावर गेली. जानेवारी २०२० मध्ये लाझिओविरुद्धच्या सामन्याला तो म्हाताऱ्याचे सोंग घेऊन, चेहऱ्यावर रंगरंगोटी करून, दक्षिण गॅलरीत लोकांत बसून आला. कोणी ओळखले नाही. १९८४ च्या फलकावर लिहिलेली गोष्ट अशी छत्तीस वर्षांनी अक्षरशः खरी झाली. रोमा हिरावला गेलेला कप्तान आपल्या गॅलरीत येऊन बसला होता. पुढे जानेवारी २०२४ मध्ये तो रोमाचा प्रशिक्षक झाला, सप्टेंबरमध्ये त्याला काढण्यात आले, आणि लोक पुन्हा रागावले. कार्यालय आणि गॅलरी यांचे भांडण संपलेले नाही.

या इतिहासातून काय घ्यावे

कोणी म्हणेल, खेळाडूंना एवढे डोक्यावर घेणे बरे नव्हे. मान्य आहे. माणसाची मूर्ती करू नये, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. पण कृतज्ञता आणि पूजा यांत फरक आहे, आणि माणसांचे आभार न मानणारा अल्लाहचेही आभार मानत नाही, हेही आपल्याला शिकवलेले आहे.

रोमच्या चार निरोपांतून आम्हाला दिसते ते एवढेच. माणूस कामातून जाणारच, करार संपणारच. ते कोणाच्या हाती नाही. तो कसा जाईल हे मात्र मागे राहणाऱ्यांच्या हाती असते. त्याला आधी विश्वासात घ्यावे, मग जगाला सांगावे. त्याच्या निरोपात आपला राग मिसळू नये. त्याला बोलू द्यावे, भीती वाटते म्हणाला तरी ऐकावे. आणि हार घालून दिवे मालवल्यानंतर त्याची विचारपूस चालू ठेवावी, कारण निरोपाची खरी परीक्षा दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. दि बार्तोलोमेईच्या वाट्याला दुसरा दिवसच नीट आला नाही. शहराला हे उमगायला एका माणसाची किंमत मोजावी लागली. शाळा असो, मदरसा असो, अंजुमन असो की घर, आपल्यातून उठून जाणाऱ्या प्रत्येक कप्तानाबाबत हे ध्यानात ठेवले, तर ती किंमत पुन्हा कोणाला मोजावी लागणार नाही.